परस आणि वाव

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. खोलीला शब्द मात्र आहे. विहीर किती खोल, हे आमच्याकडे जुनी माणसे परसात सांगतात. परस म्हणजे पुरुष, माणसाची उंची. कोकणातल्या खलाशाचे माप वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर. इंग्रजांचा फॅदमही मुळात तोच. आडवा माणूस समुद्र मोजतो, उभा माणूस विहीर!

पेशवाईचा इतिहास वाचताना या मापाकडे आमचे सहसा लक्ष जात नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, आंग्रे यांचे आरमार जळाले. तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी करून नानासाहेबांनी मराठ्यांचेच आरमार बुडविले काय, या प्रश्नावर आमच्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. ती व्यर्थ गेली, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याआधी, १७५५ च्या अखेरीस, घडलेली एक लहानशी गोष्ट त्या वादात हरवते. हा किल्ला अभेद्य, अशी तेव्हा ख्याती होती. ॲडमिरल वॉटसनने कमोडोर विल्यम जेम्सला पाहणीसाठी पाठविले. किल्ल्यापासून तोफेच्या टप्प्यात मोठी जहाजे उभी राहतील एवढे पाणी आहे, ही बातमी घेऊन जेम्स परतला. ख्यातीचा निकाल तेथेच लागला होता.

खोली मोजण्याची त्या काळची रीत साधी होती. खुणा केलेली दोरी, टोकाला शिसे, शिशाच्या बुडाशी खळगा आणि त्यात चरबी. तळाची वाळू वा चिखल चरबीला चिकटून वर येई. खाडीत मात्र एवढ्याने भागत नाही. भरतीला घेतलेला आकडा ओहोटीच्या पातळीवर उतरवावा लागतो, नाहीतर नकाशावरच्या पाण्यात जहाज रुतते. शिवाय दोन मोजण्यांमधली जागा कोरीच राहते. समखोलीची रेषा ओढणारा तेथे तर्क करीत असतो. दोन पत्रांमधली वर्षे भरून काढणाऱ्या इतिहासकाराहून त्याची अवस्था फारशी निराळी नाही.

वाघोटन खाडी आंग्रे यांच्या तांडेलांना ठाऊक नव्हती काय? ती त्यांच्या रोजच्या वहिवाटीची होती. पण तांडेलाचे ज्ञान तांडेलाबरोबर जाते. कागदावरचा आकडा, ज्याने ती खाडी कधी पाहिली नाही त्याच्याही हाती पडतो. पुढे १७८७ पासून जॉन मॅक्क्लूअरने पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली, ती अशाच अनोळखी वाचकांसाठी.

आज माजलगाव धरणाचा साठा टक्क्यांत सांगतात. टक्का काढायचा तर तळ ठाऊक हवा, आणि सिंदफणा दर पावसाळ्यात गाळ आणून तो तळ वर उचलते. जुना तक्ता हळूहळू खोटा ठरतो. मग शिशाच्या जागी प्रतिध्वनी घेऊन कोणीतरी पुन्हा नावेत बसते, आणि आमच्या कोरड्या जिल्ह्यातही पाण्याखालचा नकाशा नव्याने काढावा लागतो.