चाकाचा आउट: शिरूर-दौंडच्या रस्त्यांवरची जुनी विद्या

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर हे दोन मोठे मार्ग जोडतो. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा या सहकारी साखर कारखान्यांच्या हंगामांत या पट्ट्यातून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या चालत आल्या. पावसाने डांबर उखडायचे, ट्रॉल्यांनी खड्डा रुंद करायचा, आणि त्याच्या धारेवर आदळून मोटारसायकलचे पुढचे चाक वाकायचे. गॅरेजमध्ये आलेला माणूस एवढेच सांगतो, ‘पन्नासला हँडल हलतंय.’ या एका वाक्यावरून दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढण्याची रीत मोटारसायकलपेक्षा जुनी आहे.

तिची सुरुवात बैलगाडीपासून धरायला हवी. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणे हे सुतार आणि लोहार या दोघांचे काम. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करायची, फुगली की चाकावर बसवून लगेच पाणी ओतायचे. आकसणारे लोखंड सगळे आरे तुंब्याकडे दाबत जाई आणि चाक एकजीव होई. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव ढिली पडे. मग घोड किंवा भीमेच्या काठची माणसे गाडी पाण्यात उभी करून लाकूड फुगवून घेत. चाक ढिले झाले हे गाडीवानाला आवाजावरून कळे.

दौंडला आवाजाचीच दुसरी शाळा होती. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि हे गाव जंक्शन झाले. गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला रेल्वेचा माणूस डब्यांच्या चाकांवर ठोके देत जाई. धड चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. भारतातल्या मोठ्या स्थानकांनी ही तपासणी पाहिली आहे.

सायकलीने चाकाचे शास्त्रच उलटे केले. बैलगाडीचे चाक आऱ्यांवर उभे असते, सायकलचे चाक मात्र तारांच्या ताणावर तोललेले असते. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी 1874 मध्ये तिरक्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. आजही तारांची चाके त्याच रचनेने विणली जातात. स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये अॅटलास आणि 1956 मध्ये हीरो या कंपन्यांनी सायकली बनवायला घेतल्या आणि तालुक्याच्या गावांत सायकल दुकाने वाढली. तासावर सायकल भाड्याने देणे, पंक्चर काढणे आणि चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणे, एवढा त्यांचा धंदा. आउट काढणे हे त्यातले सर्वांत कसबी काम. चिमट्याशी खडू धरून चाक फिरवायचे, जिथे खडू लागेल तिथल्या त्या बाजूच्या तारा सैल करायच्या, समोरच्या आवळायच्या. अर्धा फेरा जास्त झाला की दुरुस्तीच नवा आउट आणते. नवशिक्या पोराच्या हाती तारा आवळायची चावी सहसा लवकर दिली जात नसे, आणि ते योग्यच होते.

स्कूटर आली तेव्हा ही विद्या काही काळ मागे पडली. 1972 मध्ये बजाजचा चेतक आला. त्याची चाके लहान, पत्र्याची आणि बोल्टने जोडलेली. चाक बिघडले तर स्टेपनी लावून माणूस घरी जाई. त्याच वर्षी कायनेटिकची लुना बाजारात आली. या कंपनीचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावरच, त्यामुळे तारांच्या चाकांची ही हलकी गाडी या भागाच्या घरचीच होती. पुढे 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आणि 1994 मध्ये स्प्लेंडर आली. अठरा इंची रिम, छत्तीस तारा. दूध घालायला जाणारा शेतकरी, रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातला तरुण, सगळे याच चाकांवर आले. मोटारसायकलचे चाकही तारांचेच असल्याने सायकलवाल्याच्या हातातली विद्या आपसूक कामाला आली.

पण मोटारसायकलचे दुखणे सायकलपेक्षा अवघड असते. आर. एस. शार्प या इंग्रज अभियंत्याने 1971 मध्ये मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडले आणि हँडलचा जलद हादरा व संपूर्ण गाडीचे संथ हेलकावे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखवले. हँडलचा हादरा साधारणपणे सेकंदाला चार ते दहा वेळा होतो. आता स्प्लेंडरचे चाक घ्या. टायरसकट घेर सुमारे 1.87 मीटर, म्हणजे ताशी 50 किलोमीटरला ते सेकंदाला सात-साडेसात फेरे घेते. वाकलेले चाक प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देते आणि तो धक्का हँडलच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतो. ‘पन्नासला हलतंय, सत्तरला जरा थांबतं’ ही गिऱ्हाइकाची तक्रार गणिताला धरून असते. ऐकणाऱ्याने ती नीट ऐकावी, एवढीच अपेक्षा.

चांगला मिस्त्री मग क्रमाने जातो. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलायचे आणि शॉकअपच्या नळीशी स्क्रू ड्रायव्हरचे टोक धरून फिरवायचे. चाक आडवे डुलते की वर-खाली उडते, हे वेगळे पाहायचे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही दिशांना 2 मिलिमीटर ही शेवटची मर्यादा आहे. मग चाक हाताने आडवे हलवून बेरिंग पाहायचे. शॉकअपचे खालचे टोक धरून पुढे-मागे ओढायचे. खटखट आली तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतले बेरिंग, ढिला. हँडल सावकाश फिरवताना बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखे अडकले, तर खड्ड्याच्या दणक्याने गोळ्यांनी वाट्यांत खळगे पाडले आहेत, तो कोन सेट बदलायचाच. एक्सल काढून सपाट काचेवर लोळवायचा. शॉकअपचे पाइपही तसेच. सगळे सरळ निघाले तरी ‘टी’, म्हणजे दोन्ही शॉकअप धरून ठेवणारी जोडणी, पिळलेली असू शकते. तिच्याकडे शेवटी पाहतात.

घाईत याच क्रमाचा बळी जातो. कोन सेट आवळला की हादरा दबतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण हँडल जड होते, गाडी सरळ रेषेत स्वतःला सावरू शकत नाही आणि महामार्गावर हेलकावे खाऊ लागते. ही दुरुस्ती नव्हे, धोका आहे.

2000 नंतरच्या दशकात अलॉय चाके आली आणि गोष्ट पुन्हा बदलली. चाकणला बनणाऱ्या बजाजच्या पल्सरचा यात मोठा वाटा. शिक्रापूर-चाकण रस्त्याने त्या गाड्या शिरूर तालुक्यात लगेच पोहोचल्या. ओतीव अॅल्युमिनियमला तारा नाहीत, म्हणून आवळायला काही नाही. तारांचे चाक वाकते, कुरकुरते, आगाऊ सूचना देते. अलॉयच्या कडेला केसासारखा तडा जातो आणि ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू उतरत राहते. जॅक लावून, तापवून अलॉय सरळ करून देणारी दुकाने पुष्कळ आहेत. तापवल्याने ओतीव अॅल्युमिनियमची ताकद घटते, हे तिथे क्वचितच सांगितले जाते. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून चालवू नये, ते बदलावे. कंपन्यांची मॅन्युअलही हेच सांगतात.

खड्ड्यात चाक जोरात आदळल्यावर गॅरेजमध्ये गेलात, तर आधी पुढचे चाक उचलून तुमच्यासमोर फिरवायला सांगा, एक्सल बाहेर काढून पाहायला सांगा, आणि या तपासणीचे पैसे न कुरकुरता द्या.