भूकंपाच्या आकड्याचं आजोळ

कोयनेचा भूकंप ६.३, किल्लारीचा ६.२. आकडा कानावर पडला की आपण ‘रिश्टर’ म्हणून मोकळे होतो. मला विचाराल तर या आकड्याचं आजोळ वेधशाळेत आहे, आणि हा संशय मनात भरला तो एका जोडनावामुळे.

कॅलिफोर्नियात पासाडेनाला चार्ल्स रिश्टर ज्या यंत्राच्या नोंदी मोजायचा, ते वुड-अँडरसन भूकंपमापक. ताणून बसवलेल्या बारीक तारेला ग्रॅमभरही वजन नसलेला तांब्याचा तुकडा, त्याला इवलासा आरसा. जमीन हलली की तार पिळते, आरसा वळतो आणि त्यावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या फोटो-कागदावर रेघ उमटवतो. यातला हॅरी वुड भूकंपांचा अभ्यासक. पण जॉन अँडरसन? तो शेजारच्या माउंट विल्सन वेधशाळेतला खगोलशास्त्रज्ञ! वेधशाळा कार्नेगी संस्थेची, आणि भूकंपाच्या प्रयोगशाळेमागेही तीच संस्था.

१९३५ साली रिश्टरने आपली मोजणी जाहीर केली. केंद्रापासून १०० किलोमीटरवर ही रेघ एक मिलिमीटर हलली तर भूकंप ३ चा, दहा मिलिमीटर हलली तर ४ चा. यंत्र प्रत्यक्षात कुठेही असो, हिशेब १०० किलोमीटरवर आणायचा. आता ताऱ्यांकडे या. एखादा तारा जवळ आहे म्हणून ठळक दिसतो की मुळातच तेजस्वी आहे, हे ठरवायला खगोलशास्त्रज्ञ सगळे तारे कागदोपत्री ३२.६ प्रकाशवर्षांवर नेतात आणि मग त्यांची प्रत, इंग्रजीत ‘मॅग्निट्यूड’च, लावतात. दोन्हीकडे युक्ती एकच.

यावर जपानचा दावा आडवा येतो, आणि तो भक्कम आहे. कियो वादातीने हादऱ्याचा जोर आणि अंतर यांचे आलेख आधीच काढले होते. ते पाहूनच आपल्याला वाट सापडली, हे रिश्टरने स्वतः सांगितलंय. लहानमोठ्या भूकंपांतली तफावत कागदावर मावेना, तेव्हा लॉगरिदमची तोड काढली रिश्टरचा सहकारी बेनो गुटेनबर्ग याने. ‘मॅग्निट्यूड’ हे नावही वुडने सुचवलेलं. गावोगावी जाणवणाऱ्या हादऱ्याच्या ‘इंटेन्सिटी’शी गल्लत होऊ नये म्हणून. (आपली वर्तमानपत्रं दोन्हींना ‘तीव्रता’ म्हणून वुडच्या खटपटीवर पाणी फिरवतात.)

तरी मी हट्ट सोडत नाही. रिश्टर हौशी आकाशनिरीक्षक होता, आणि मॅग्निट्यूडचं श्रेय ताऱ्यांच्या प्रतीलाही देत होता. वादातीने वक्ररेषा दिल्या. भूकंपाला त्याचा स्वतःचा एकच आकडा चिकटवायची सवय मात्र वेधशाळेची, असा माझा अंदाज. लॉगरिदमही तिथे जुनंच. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या शंभरपट तेजस्वी, म्हणजे दर पायरीला २.५१२ पट, हा नियम नॉर्मन पॉगसनने १८५६ मध्ये ऑक्सफर्डला मांडला. हाच पॉगसन पुढे तीस वर्षं मद्रासच्या वेधशाळेत होता, वारला तोही मद्रासलाच. रिश्टरची पायरी दहा पटींची, आणि ऊर्जेच्या हिशेबात सुमारे ३२ पटींची.

उसनवारीत एक गोष्ट उलटी झाली. ताऱ्यांत आकडा लहान तितका तारा तेजस्वी. व्याध तर उणे १.४६. रिश्टरने मोठ्याला मोठा आकडा दिला.

पुढची हकिकत थोडक्यात. फार मोठ्या भूकंपांपुढे ही रेघ थिटी पडते. म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी प्रस्तर किती क्षेत्रावर फुटला, किती सरकला आणि खडक किती ताठ, यांवरून आकडा काढला. त्या हिशेबात १९६० चा चिलीचा भूकंप ९.५ भरतो. सूत्रातले स्थिरांक मात्र असे निवडले की जुने आकडे फारसे हलू नयेत. आज शास्त्रज्ञ वापरतात ती हीच मोजणी. बातम्यांतून रिश्टर काही हलत नाही.

आणि शून्य? उणे आकडे येऊच नयेत म्हणून रिश्टरने ते मुद्दाम फार खाली ठेवलं होतं. आता खोल विवरांत सोडलेली यंत्रं इतकी बारीक कुरकुर टिपतात की भूकंपही उणे निघतात, उणे १ चे, उणे २ चे. फक्त व्याधासारखे दिमाखदार नव्हेत, कुणालाच न जाणवणारे.