रहीम साहेबांचा लेफ्ट आऊट : तुलसीदास बलराम

वारंगा फाट्यावर दोन मोठे रस्ते मिळतात. एक नागपूर-यवतमाळकडून येऊन तुळजापूरच्या दिशेने जातो. दुसरा अकोला-हिंगोलीकडून येतो आणि नांदेड, देगलूर ओलांडून थेट संगारेड्डीला, म्हणजे हैदराबादच्या उंबरठ्यावर पोहोचतो. कळमनुरी आणि हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमची राजधानी याच दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला होती.

हैदराबाद म्हटले की मराठवाड्याच्या इतिहासलेखनात निजाम, रझाकार आणि पोलीस ॲक्शन एवढ्यावर लेखणी थांबते. जे घडले ते लिहिलेच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच राज्यात शाळा होत्या, शाळांना मैदाने होती आणि त्या मैदानांवर उर्दू शाळांत शिकवणारे मास्तर होते. त्यातील एका मास्तराच्या तालमीत तयार झालेला एक शागीर्द भारताच्या फुटबॉलमधला फार मोठा लेफ्ट विंगर झाला. (जुन्या खेळाडूंच्या बोलीत लेफ्ट आऊट.) त्याचे नाव तुलसीदास बलराम. वारशाची यादी करताना आपण मशिदी, मकबरे आणि मुशायरे मोजतो. हे दोघे त्या यादीत का नसावेत, हा आमचा प्रश्न आहे.

आधी मास्तरांविषयी. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. १९१८ साली सुरू झालेल्या आणि उच्च शिक्षण उर्दूतून देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठात ते शिकले. पुढे काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी नोकरी केली. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि खेळाचे तास हाती घेतले. आमच्या शाळांत खेळाचा तास म्हणजे राहिलेला गणिताचा धडा उरकण्याची वेळ असते, म्हणून या तपशिलाचे आम्हाला विशेष वाटते. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. ज्या मुंबईत ही स्पर्धा १८९१ पासून चालत होती, तिथल्या प्रेक्षकांनी पोलिसांच्या पोरांचे हे राज्य पाच वर्षे पाहिले.

बलराम यांचा जन्म १९३६ चा, सिकंदराबादच्या लष्करी छावणीजवळच्या अम्मुगुडा गावी, एका गरीब तमिळ घरात. छावणी तिथे फुटबॉल, हे त्या काळचे समीकरणच होते. रहीम साहेबांची नजर या पोरावर पडली, तेव्हा सरावासाठी सिकंदराबादहून हैदराबादला येण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते. सायकल भाड्याने घेण्यासाठी साहेबांनीच पैसे दिले, अशी आठवण सांगितली जाते.

विंगरचे काम वरवर सोपे दिसते. मैदानाच्या कडेने धावायचे, बचाव करणाऱ्याला चकवायचे आणि चेंडू गोलसमोर टाकायचा. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. अशा खेळाडूला चेंडू पायाशी ठेवून नाचवण्याचा मोह फार. रहीम साहेबांचा इलाज जालीम होता. ते अशा स्पर्धा भरवत ज्यांत ड्रिबलिंगलाच मनाई असे. चेंडू आला की तो साथीदाराकडे गेलाच पाहिजे. बलराम यांच्या खेळात या शिस्तीची खूण शेवटपर्यंत राहिली. कडेला उभे राहून चेंडूची वाट पाहण्याऐवजी ते मागे उतरत, चेंडू स्वतः आणत आणि मग देत. गोल करणेही त्यांना येत होते, ते पुढे येईलच.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच महिन्यात मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले आणि भारताच्या संघात त्या विसर्जित राज्याचे अझीझुद्दीन, नूर मुहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम होते. १ डिसेंबरला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांचे तीन गोल होते. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एवढी मजल आपण पुन्हा गाठलेली नाही. मैदानावर हैदराबाद मात्र अजून शाबूत होते. १९५६ आणि १९५७ चा संतोष करंडक हैदराबादने जिंकला आणि दोन्ही वेळा हरवले ते मुंबईला. म्हणजे नकाशाच्या हिशेबाने आम्हीच हरलो!

१९५७ मध्ये बलराम कलकत्त्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले. १९६१ साली ते कर्णधार होते. त्या वर्षी क्लबने लीग आणि शील्ड दोन्ही जिंकले आणि लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे २३ गोल त्यांचे होते. कडेने खेळणाऱ्यासाठी ही संख्या थोडी नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. पुढे कांस्यपदक जिंकणाऱ्या हंगेरीकडून भारत १-२ ने हरला. गोल बलराम यांचा, सामना संपायला दहा-अकरा मिनिटे उरली असताना. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, गोल कर्णधार पी. के. बॅनर्जींचा. पेरूकडून १-३ हार, आणि तो एक गोलही बलराम यांचाच. म्हणजे भारताच्या तीन गोलांपैकी दोन त्यांचे. उजवीकडे बॅनर्जी, आत चुनी गोस्वामी, डावीकडे बलराम. हे त्रिकूट आशियातल्या कोणत्याही बचावफळीला पुरून उरणारे होते.

याचा पुरावा १९६२ मध्ये जकार्ताला मिळाला. आशियाई खेळांत पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० ने जिंकला. मग थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय आले. दोन्हींत बलराम यांचा एकेक गोल. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ ने हरवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे जकार्ताचे प्रेक्षक भारतावर चिडलेले होते. स्टेडियमभर हुर्यो. जर्नेलसिंग डोक्याला टाके असताना बचाव सोडून आघाडीला खेळले. रहीम साहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे बॅनर्जी सांगत. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत २-१ ने जिंकला. त्यानंतर आशियाई खेळांत भारताच्या पुरुषांना फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही.

बलराम यांना त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार लाभला. पण जून १९६३ मध्ये रहीम साहेब गेले आणि त्याच वर्षी फुप्फुसाच्या आजाराने बलराम यांचा खेळ थांबला. वय अवघे सव्वीस-सत्तावीस. चेंडू कडेने पळवणाऱ्या माणसाला नेमका श्वासानेच दगा दिला.

पुढे रेल्वेची नोकरी, थोडे प्रशिक्षण आणि हुगळीकाठच्या उत्तरपाड्यातले एकाकी आयुष्य. गोस्वामी आणि बॅनर्जी यांना पद्मश्री मिळाली, बलराम यांना नाही. याची सल त्यांना होती आणि ती ते लपवत नसत. आम्हाला ती रास्त वाटते. २०२४ मध्ये 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि आमच्या वर्गातली मुले रहीम साहेबांचे नाव घेऊ लागली. बलराम यांना तो पाहायला मिळाला नाही. १६ फेब्रुवारी २०२३ ला ते गेले. बॅनर्जी आणि गोस्वामी २०२० मध्येच गेले होते, एक मार्चमध्ये, एक एप्रिलमध्ये. त्रिकुटातला डावा सर्वांत शेवटी गेला.