शब्दवेध : कशिदा

अमरावती-अकोल्याच्या कापड दुकानांत ‘कशिदा’ हा शब्द सतत कानी पडतो. मूळ फारसी. ‘कशीदन’ म्हणजे ओढणे, ‘कशीदा’ म्हणजे ओढलेला. धागा ओढून उमटते ती नक्षी. अरबी-फारसी लिपीत अक्षर लांबवणाऱ्या रेघेलाही ‘कशीदा’च म्हणतात. वऱ्हाडाला फारसीची ओळख झाली ती अचलपूरच्या इमादशाहीसारख्या दरबारांमुळे.

शब्द दरबारी, पण कला सगळ्यांची. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात पाद्र्यांची भरजरी रेशमी पूजावस्त्रं जपली आहेत. अशा कामात सोनेरी तार कापडात ओवत नाहीत. ती वर मांडून बारीक रेशमी टाक्यांनी बांधतात. या टाक्यांचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मशीनवरच्या भरतकामालाही ‘कशिदा’ म्हणतात. हाताच्या कामाला मात्र आपल्याकडे अजूनही ‘कशिदा काढला’ असंच म्हणतात.