नाव, काया आणि डोमकावळा

खेळाच्या संघाची ओळख नेमकी कशात असते? खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, मालकही बदलतात; तरीही 'हा तोच संघ' असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला शोभावा असा आहे. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात मात्र त्याचे उत्तर एका करारात लिहावे लागले.

बाल्टिमोर शहराचा जुना संघ म्हणजे कोल्ट्स. मार्च १९८४ मध्ये मालक रॉबर्ट इर्से यांनी एका रात्रीत सारे सामान ट्रकांत भरून तो इंडियानापोलिसला हलवला. संघाबरोबर नाव गेले, विक्रमही गेले. शहरात उरले ते संघाचे वाद्यपथक. ज्याच्यासाठी वाजवायचे तो संघच नसताना ते पुढे कित्येक वर्षे वाजवत राहिले.

नोव्हेंबर १९९५ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचे मालक आर्ट मॉडेल यांनी आपला संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली. जी जखम बाल्टिमोरने सोसली होती, तीच आता त्याच्यामुळे दुसऱ्या शहराला होणार होती. क्लीव्हलंड मात्र गप्प बसले नाही. त्याने न्यायालयात धाव घेतली आणि १९९६ मध्ये तडजोड झाली: खेळाडू आणि कर्मचारी बाल्टिमोरला जातील, नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलंडचेच राहतील. परकायाप्रवेशाच्या कथांत आत्मा देह सोडून जातो. इथे देह निघून गेला आणि आत्मा तीन वर्षे रिकाम्या घरी थांबला. १९९९ मध्ये नवे खेळाडू घेऊन ब्राउन्स पुन्हा उभा राहिला, तो जुन्याच इतिहासाचा वारस म्हणून.

म्हणजे बाल्टिमोरला १९८४ मध्ये जे मिळाले नव्हते, ते क्लीव्हलंडला मिळाले. आणि त्याची किंमतही बाल्टिमोरनेच मोजली. त्याच्या वाट्याला आला तो भूतकाळ नसलेला संघ. हा भूतकाळ त्याने साहित्यातून उसना घेतला. वृत्तपत्राने घेतलेल्या कौलात सुमारे ३३ हजार मतांपैकी २१ हजारांहून अधिक मते 'रेव्हन्स', म्हणजे डोमकावळे, या नावाला पडली. आधार होता एडगर अॅलन पो यांच्या १८४५ मधील 'द रेव्हन' या कवितेचा. पो यांचा जन्म बॉस्टनचा आणि ही कविता प्रसिद्ध झाली न्यूयॉर्कमध्ये. पण १८४९ मध्ये त्यांचा मृत्यू बाल्टिमोरला झाला आणि त्यांचे थडगेही तिथेच आहे. शहराने हक्क सांगितला तो या थडग्याच्या नात्याने.

ही कविता गमावलेल्या प्रियेच्या शोकाची आहे, हे मत देणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असेलच असे नाही. तरीही बारा वर्षे गेलेल्या संघासाठी झुरणाऱ्या शहराला याहून नेमके नाव सापडणे कठीण होते. जानेवारी २००१ मध्ये रेव्हन्सने पहिले सुपर बोल विजेतेपद मिळवले. तोवर जुन्या कोल्ट्सचे ते वाद्यपथकही रेव्हन्सचे झाले होते. नाव इंडियानापोलिसला गेले होते, विक्रमही गेले होते. पण आठवण जपणारी माणसे बाल्टिमोरमध्येच राहिली होती. संघाची ओळख करारात लिहिता येते, हे क्लीव्हलंडने सिद्ध केले. ती कराराबाहेरही टिकते, हे या वादकांनी.