निशाणी नांगर

युरोपातील कित्येक गावे आपापले बिरुदचिन्ह मोठ्या अभिमानाने मिरवितात. त्यात ढालीच्या आकृतीवर सिंह, गरुड किंवा किल्ल्याचा बुरूज रेखलेला असतो. कारण या चिन्हांचा उगमच बाराव्या शतकातील सरदारांच्या ढालींवर झाला. महाराष्ट्रातील गावांना अशी ढाल नव्हती. तथापि जुने महजर, म्हणजे वतनाच्या तंट्यांत गोतसभेपुढे झालेल्या निवाड्यांचे लेख, उलगडून पाहिले असता त्यांवरील साक्षींत गावाचे बिरुदच दृष्टीस पडते.

पाटलाच्या नावापाशी नांगर काढलेला असतो. शेट्याच्या नावापाशी तराजू, न्हाव्याच्या आरसा, महाराच्या विळा-दोर. यांस निशाणी म्हणत. अक्षरओळख नव्हती म्हणून ही चित्रे आली, असे सहज म्हटले जाते. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. निरक्षराची साक्ष साध्या रेघेनेही भागली असती. निशाणी माणसाची नव्हती, वतनाची होती. बाप गेला, मुलगा आला, तरी नांगर तोच राहिला.

या नांगराचा मान केवढा! होळीची पोळी, पोळ्याचा बैल, पानाचा विडा यांच्या बरोबरीने कागदावरच्या नांगराचीही गणना होई. पाटीलकीचा अर्धा हिस्सा विकावयाचा झाल्यास कोणाचा नांगर वर आणि कोणाचा खाली, हेही करारात लिहून घेत. हाती नांगर न धरणारा पाटीलही त्या वरच्या जागेसाठी भांडावयास तयार असे.

विळा-दोराची गोष्ट निराळी. गावशिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर. निशाणीने त्याला गोतसभेत जागा दिली आणि त्याच निशाणीने पिढ्यान्‌पिढ्या चाकरीसही जखडले. वतनाची जमीन तुटपुंजी, राबणे आठही प्रहर! इंग्रजांच्या 1874 च्या वतन कायद्याने ही चाकरी कायम ठेवली. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. पुढे तीस वर्षांनी, 1958 च्या कायद्याने, कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि विळा-दोर सुटला. नांगराची पाळी त्यानंतर, 1962 मध्ये, मुलकी पाटीलकी रद्द करणाऱ्या कायद्याने आली.