मोन्तोने : डोंगरावरचे गाव आणि आपला यशवंत

स्मरणिकेसाठी "इटलीच्या प्रवासावर काही लिहून द्या," असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात रोम, व्हेनिस हीच नावे असणार. पण त्या शहरांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहिणार आहे ते एका चिमुकल्या गावाविषयी. नकाशावर ते शोधावे लागते. परंतु आपल्या कोकणाशी त्याचे नाते जडले आहे, आणि तेही रक्ताने.

इटलीच्या मध्यभागी उम्ब्रिया नावाचा प्रांत आहे. त्यातील पेरूजा शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका टेकडीवर मोन्तोने वसले आहे. वस्ती अवघी दीड हजारांच्या आसपास. भोवती जुना दगडी तट, तटाला वेशी, आत चढउताराच्या अरुंद गल्ल्या. मुलाबरोबर मी तेथे गेले, तेव्हा गुडघ्यांनी चांगलीच तक्रार केली. पण वर पोचल्यावर खालची हिरवी दरी पाहून साऱ्या श्रमांचे सार्थक झाले.

या गावाचे नाव इतिहासात झाले ते ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या सरदारामुळे. त्याच्या आडनावाचा अर्थच मुळी 'बळकट बाहू' असा. त्याचा जन्म १३६८ चा. त्या काळी इटलीतील नगरे एकमेकांशी सदैव भांडत, आणि लढण्यासाठी करार करून सरदारांना फौजेसकट पगारी ठेवीत. आज या नगराकडून, उद्या त्या नगराकडून, असा तो मामला होता. ब्राच्चो या धंद्यात इतका निष्णात निघाला की, १४१६ मध्ये तो खुद्द पेरूजाचा धनी होऊन बसला. केवळ तलवारबहाद्दर म्हणून त्याला विसरून चालणार नाही. त्रासिमेनो सरोवराचे चढणारे पाणी बाहेर काढून देण्यासाठी त्याने जमिनीखालून कालवाही खोदविला. १४२४ मध्ये आक्वीला शहराच्या वेढ्यात तो जखमी होऊन मरण पावला. मोन्तोने येथील त्याच्या गढीचे आता अवशेष तेवढे उरले आहेत.

त्याचा मुलगा कार्लो हा व्हेनिसच्या चाकरीत होता. येशू ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातील म्हणून पूज्य मानला गेलेला एक काटा त्याने व्हेनिसहून मिळवून १४७३ मध्ये गावाला दिला, अशी तेथील परंपरा आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो काटा दर्शनाला ठेवतात. ऑगस्टमध्ये त्याच देणगीचा मोठा उत्सव होतो. त्या वेळी गावाच्या तीन पेठा जुन्या काळचे पोशाख करून एकमेकींशी चुरस करतात, आणि जिंकणाऱ्या पेठेतील तरुणीला किल्लेदारणीचा मान मिळतो. आपल्याकडे जत्रेत मानपानासाठी जी चढाओढ चालते, तिचीच मला आठवण झाली.

सेंट फ्रान्सिसच्या जुन्या देवळात बार्तोलोमेओ कापोराली या पेरूजाच्या चित्रकाराने १४८२ मध्ये रंगविलेले मेरीमातेचे चित्र आहे. मातेने आपला झगा दोन्ही हातांनी पसरला आहे आणि त्याच्या आडोशाला गावचे लोक उभे आहेत. पदराखाली लेकरे घ्यावीत, तसे. अशी चित्रे त्या काळी साथीच्या आणि संकटाच्या वेळी मिरवीत नेत असत. त्या चित्रापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. माझे माहेर माणगाव तालुक्यातले. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. बाजाराला जातायेता लहानपणापासून तो पाहिलेला. "लढाईत मोठा पराक्रम केला," एवढेच आम्हांला माहीत. कोठे, कसा, हे ना आम्ही विचारले, ना कोणी सांगितले.

१९४४ च्या जूनमध्ये रोम पडले आणि जर्मन फौजा उत्तरेकडे मागे हटू लागल्या. टायबरच्या या खोऱ्यात टेकडीटेकडीवर त्यांनी ठाणी धरली होती, आणि ती जिंकीत दहावी भारतीय डिव्हिजन पुढे सरकत होती. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती, आणि त्या पलटणीत पळसगावचा नायक यशवंत घाडगे. १० जुलै रोजी त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील सगळे पडले, कोणी ठार, कोणी घायाळ. उभा राहिला तो एकटा यशवंत. बरोबर येणारे कोणी नाही हे ठाऊक असूनही तो मशीनगनवर धावून गेला. हातबाँब टाकून त्याने ती बंद पाडली, एकाला गोळीने टिपले. आणि नव्या गोळ्या भरायला उसंत नाही असे पाहताच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळविले. तोच लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत बसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्याच्या तरुण पत्नीच्या हाती आला. कासिनोच्या युद्धस्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे. इटलीच्या त्या लढायांत भारतीय सेनेचे पाच हजारांवर जवान कामी आले.

मोन्तोनेकरांनी हे ध्यानात ठेवले. जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने तेथे एक सूर्यघडी उभारण्यात आली. तिच्यावरील लॅटिन वचनाचा भावार्थ असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ब्राच्चो पगारासाठी लढला, नि राज्यही कमावून गेला. आमचा यशवंतही पगारी शिपाईच होता, आणि लढाई परक्या साम्राज्याची होती, हेही खरे. पण त्याने स्वतःसाठी काही कमावले नाही. त्या गावाने मात्र दोघांनाही आपल्या इतिहासात जागा दिली. सूर्यघडीवरची सावली हळूहळू सरकत होती, आणि माझ्या मनात एकच विचार येत होता, की त्याच्या पुतळ्यावरून आम्ही इतकी वर्षे मुकाट्याने ये-जा केली.

भगिनींनो, १० जुलै म्हणजे आपल्याकडे भातलावणीचे दिवस. आभाळ भरलेले, सूर्याचे दर्शन दुर्मीळ. त्या दिवशी आपल्या मंडळाने दोन घटका एकत्र बसावे आणि ज्या घरांतून कोणी फौजेत गेले होते, त्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून आठवणी ऐकून लिहून घ्याव्यात, असे मी सुचविते. पहिली वही मी आणीन.